उलट्या वायरी आणि एक जळका डायोड
(इयत्ता ७ वी)



या कागदाच्या उजव्या कोपऱ्यात चिकटपट्टीखाली एक काळी, गोल वस्तू लावली आहे. जाडी हरभऱ्याच्या दाण्याएवढी, लांबी त्याहून थोडी जास्त. दोन्ही टोकांना तारेचे पाय आहेत आणि एका टोकाजवळ चंदेरी पट्टा आहे. तिला डायोड म्हणतात. हा डायोड आमच्या वावरातल्या झटका मशीनमधला आहे. तो जळलेला आहे आणि तो माझ्या हातून जळला. गुरुजी म्हणाले, "जळला तर जळला, आता त्याच्यावरच लेख लिही." म्हणून हा लेख. तो जरा लांब झाला आहे. उभ्याने वाचून पाय दुखले तर उरलेला मधल्या सुट्टीत वाचावा.

झटका मशीन म्हणजे काय हे पालकांना सांगायला नको, पण लहान वर्गांसाठी सांगते. वावराभोवती खुंट्यांवर तार ताणलेली असते. मशीन बॅटरीच्या बारा व्होल्टपासून हजारो व्होल्टचा दाब तयार करते, पण सेकंदाच्या अगदी बारीक भागापुरताच, आणि साधारण सेकंदाला एकदा. तेव्हा टिक्‌ टिक्‌ असा आवाज येत राहतो. रानडुकराचं नाक तारेला लागलं की त्याला झटका बसतो आणि ते पळतं, मरत नाही. (घरची लाईन सरळ कुंपणात सोडणे ही गोष्ट निराळी. तो गुन्हा आहे आणि त्याने माणसं मेली आहेत. हे गुरुजींनी मुद्दाम लिहायला सांगितले.)

जानेवारीत आमचा हरभरा घाट्यावर आला होता. तीन दिवस आभाळ होतं, म्हणून सोलर प्लेटवर बॅटरी चार्ज होईना. बाबांनी ती घरी आणून चार्ज केली. संध्याकाळी ते बाजारातून यायला उशीर झाला. अंधार पडू लागला, तेव्हा मी आणि आजी बॅटरी घेऊन वावरात गेलो. बॅटरीवर अधिक आणि वजा अशा खुणा होत्या. मशीनच्या दोन्ही वायरी मात्र काळ्या होत्या. मी मनात म्हटलं, काय फरक पडतो? बल्ब तर कसाही जोडला तरी लागतो, आम्ही वर्गात लावून पाहिला आहे. मी एक चिमटा इकडे आणि एक तिकडे लावला. चट्‌ असा आवाज झाला, बारीक ठिणगी उडाली, आणि मग काहीच नाही. टिक्‌ टिक्‌ आलंच नाही.

बाबा आले. त्यांनी बॅटरी पाहिली, वायरी पाहिल्या.

"कोणं जोडल्या ह्या वायरी?"

"मी."

"कायले हात लावला तू? तुले कोणं सांगतलं होतं?"

त्यांनी वायरी सरळ केल्या आणि मशीनचा फ्यूज बदलला. नवा फ्यूज लावल्याबरोबर तोही उडाला. वायरी आता बरोबर होत्या, फ्यूज नवा होता, तरी उडाला! बाबा म्हणाले, मशीन गेली. काका म्हणाले, फ्यूजच्या जागी जाड तार टाकून पाहू. आबांनी ते करू दिलं नाही. त्या रात्री बाबा आणि काका शेकोटी करून वावरात डबे वाजवत बसले. पहाटे थोडा डोळा लागला आणि धुऱ्याकडची चार तासं डुकरांनी उकरून टाकली. सकाळी बाबा मला काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

शाळेत मी गुरुजींना दोन प्रश्न विचारले. बल्ब उलटा जोडला तरी लागतो, मग मशीनला काय झालं? आणि वायरी सरळ केल्यावरही फ्यूज का उडाला? पहिल्या प्रश्नाला गुरुजी हसले. दुसऱ्याला हसले नाहीत. "हा प्रश्न चांगला आहे," म्हणाले, आणि कपाटातून विज्ञानपेटी काढली.

आम्ही सर्वांनी मिळून केलेले प्रयोग असे. दोन सेल एकामागे एक ठेवून तीन व्होल्टचा दाब घेतला. त्याला जुन्या टॉर्चचा तारेचा बल्ब जोडला, तो लागला. सेल उलटे केले, तसाच लागला. बल्बातली तार विजेच्या प्रवाहाने तापते आणि पांढरी होते. प्रवाह डावीकडून आला काय आणि उजवीकडून आला काय, तार तापणारच. तापणे या गोष्टीला दिशा नाही. पाणी तापवायच्या रॉडचंही तसंच. मला ठाऊक होतं ते एवढंच, आणि तेच सगळीकडे लागू पडतं असं मी धरून चालले होते.

मग खेळण्यातली मोटार जोडली. तिच्या दांड्याला कागदाचा पंखा लावला होता. सेल उलटे केल्यावर मोटार फिरली, पण उलटी फिरली. म्हणजे मोटारीला दिशा समजते, तरी ती विजेला अडवत नाही.

शेवटी गुरुजींनी बल्बच्या मार्गात एक लहान डायोड घातला. त्यावर १एन४००७ असा नंबर होता. असे डायोड दुकानात एक-दोन रुपयांना मिळतात. चंदेरी पट्ट्याचं टोक वजा बाजूकडे केलं तेव्हा बल्ब लागला, पण आधीपेक्षा मंद. सेल उलटे केले तर बल्ब लागला नाही. मंद नाही, मिणमिणता नाही, अजिबात नाही. सेल तेच, बल्ब तोच, वायरी त्याच. फक्त दाबाची दिशा बदलली होती. मागच्या बाकावरची मुलं म्हणाली की वायर सैल झाली असेल. म्हणून पुन्हा उलटसुलट करून पाहिलं, चार वेळा. चारही वेळा तेच.

गुरुजींनी स्वतःचा मल्टिमीटर आणला होता. त्यात डायोड तपासायची जागा असते. सरळ बाजूने लावल्यावर काट्याऐवजी आकडा आला: ०.५८. उलट लावल्यावर पडद्यावर नुसता १ आला. त्या मीटरात एकटा १ आला म्हणजे 'यातून काही जात नाही' असा अर्थ असतो, एक व्होल्ट असा नाही. आम्ही आधी तसंच समजलो होतो.

आता हे असं का होतं ते सांगते. हा भाग मला तीनदा विचारावा लागला, म्हणून तुम्हालाही एका वाचनात नाही समजला तर वाईट वाटून घेऊ नये.

तांब्यातून वीज सहज जाते, म्हणून तांबं हे वाहक. काच, रबर यांतून जात नाही, ते रोधक. सिलिकॉन मधलं आहे, म्हणून त्याला अर्धवाहक म्हणतात. वाळूत सिलिकॉन असतं, ऑक्सिजनशी जोडलेलं. ते वेगळं काढून अतिशय शुद्ध करतात. सिलिकॉनच्या प्रत्येक अणूला बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात. चारही शेजाऱ्यांशी त्याने एकेक हात धरलेला असतो. सगळ्यांचे हात गुंतलेले, मोकळं कोणी नाही, म्हणून शुद्ध सिलिकॉनमधून वीज फारच थोडी जाते.

मग कारखान्यात एक युक्ती करतात. शुद्ध केलेल्या सिलिकॉनमध्ये मुद्दाम थोडी भेसळ करतात. थोडी म्हणजे किती? दहा लाख अणूंत एखादा, इतकी. फॉस्फरस घातला तर त्याला बाहेर पाच इलेक्ट्रॉन असतात. चार हात धरले जातात, पाचवा इलेक्ट्रॉन मोकळा फिरतो. असल्या सिलिकॉनला एन प्रकार म्हणतात. बोरॉन घातला तर त्याला तीनच इलेक्ट्रॉन, म्हणून एक जागा रिकामी राहते. हा पी प्रकार.

रिकामी जागा कशी काय चालते, हे मला समजत नव्हतं. ते पंगतीत समजलं. पंगतीत मधला एक जण उठला. त्याच्या उजवीकडचा सरकून त्याच्या जागी बसला. मग त्याची जागा रिकामी झाली, तिथे त्याच्या उजवीकडचा सरकला. माणसं एकेक जागा डावीकडे सरकली, पण दुरून पाहणाऱ्याला वाटतं की रिकामी जागाच उजवीकडे चालत गेली. पी प्रकारात तसंच होतं. इलेक्ट्रॉन सरकतात आणि रिकामी जागा उलट दिशेने चालते. इलेक्ट्रॉन ऋण असतो, म्हणून त्याची रिकामी जागा धन असल्यासारखी वागते.

डायोडात एकाच सिलिकॉनच्या तुकड्यात एक बाजू पी आणि दुसरी एन असते. दोन्ही जिथे भेटतात तिथेच सगळी गंमत आहे. सीमेजवळचे एनमधले मोकळे इलेक्ट्रॉन पलीकडे जाऊन पीमधल्या रिकाम्या जागांत बसतात. त्यामुळे सीमेच्या दोन्ही बाजूंना एक पट्टा असा तयार होतो की तिथे मोकळा इलेक्ट्रॉनही नाही आणि रिकामी जागाही नाही. दोन वावरांच्या मधे धुरा असतो ना, पेरणी न केलेला, तसा तो धुरा. पण तो नुसता ओसाड नसतो. इलेक्ट्रॉन निघून गेल्याने एनकडचे अणू धन झालेले असतात आणि इलेक्ट्रॉन आल्याने पीकडचे अणू ऋण. ते अणू जागचे हलत नाहीत. पीकडचे ऋण अणू पुढच्या येणाऱ्या इलेक्ट्रॉनांना मागे लोटतात. म्हणून सगळेच इलेक्ट्रॉन पलीकडे जात नाहीत, थोडे गेल्यावर थांबतात. हा धुरा साधारण केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाएवढा असतो.

आता सेल जोडा. पीला अधिक आणि एनला वजा, ही सरळ जोडणी. वजा टोक एनमधल्या इलेक्ट्रॉनांना सीमेकडे ढकलतं, अधिक टोक रिकाम्या जागांना सीमेकडे ढकलतं. दोन्हीकडून पीक पुढे आलं, धुरा अरुंद झाला, अडथळा उतरला. सिलिकॉनच्या डायोडात सुमारे ०.६ ते ०.७ व्होल्ट दाब झाला की प्रवाह चांगला वाहू लागतो. त्याआधी जवळजवळ काही नाही, आणि त्यानंतर एकदम पूर. लहान प्रवाहांना या डायोडात दाब फक्त दशांश व्होल्टने वाढला की प्रवाह सुमारे दहापट होतो. बल्ब मंद का झाला त्याचं उत्तरही इथेच आहे. तीन व्होल्टांपैकी पाऊण व्होल्टच्या आसपास डायोडने स्वतःसाठी ठेवले. नाक्यावर टोल घेतात तसा.

आणि उलटी जोडणी? पीला वजा, एनला अधिक. अधिक टोक इलेक्ट्रॉनांना स्वतःकडे, म्हणजे सीमेपासून दूर ओढतं. वजा टोक रिकाम्या जागांना दुसरीकडे ओढतं. धुरा रुंद होतो. जितका उलटा दाब जास्त, तितका धुरा रुंद. डायोड विजेशी भांडून तिला अडवतो असं मला आधी वाटायचं. तसं नाही. उलटा दाब स्वतःच वाहून नेणाऱ्यांना लांब नेतो, मग वाहून न्यायला कोणी उरत नाही.

अगदीच काही जात नाही असंही नाही. १एन४००७ हा सरळ दिशेने एक अँपिअर प्रवाह नेऊ शकतो. उलट दिशेने, नेहमीच्या तापमानाला, जास्तीत जास्त पाच मायक्रोअँपिअर झिरपतो, असं बनवणारे लिहून देतात. हिशेब केला तर एक अँपिअर त्याच्या दोन लाख पट होतो. हा हिशेब आमच्या वर्गातल्या तिघांनी वेगवेगळा केला आणि उत्तर एकच आलं. उलटा दाब सहन करण्यालाही हद्द असते. १एन४००७ ची हद्द हजार व्होल्ट आहे. त्यापलीकडे धुरा फुटतो, बंधारा फुटावा तसा. झेनर नावाचे डायोड मात्र ठरलेल्या उलट्या दाबाला मुद्दाम फुटण्यासाठीच बनवतात. प्रवाह मर्यादेत ठेवला तर ते न बिघडता पुन्हा पुन्हा तेच काम करतात.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डायोडच्या चिन्हातला बाण अधिककडून वजाकडे जाणारी दिशा दाखवतो. इलेक्ट्रॉन प्रत्यक्षात उलट दिशेने जातात, कारण विजेची दिशा माणसांनी इलेक्ट्रॉन माहीत होण्याआधीच ठरवून टाकली होती. त्यामुळे चिन्ह बघताना बाणावर विश्वास ठेवावा आणि इलेक्ट्रॉनांचा विचार करू नये, असं मी स्वतःपुरतं ठरवलं आहे.

आता आमच्या मशीनकडे येते. बाजाराच्या दिवशी बाबा मशीन घेऊन तालुक्याला निघाले. मी म्हटलं, मी येते. ते नाही म्हणाले नाहीत. दुरुस्तीवाल्या काकांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि आत बोट दाखवलं. फ्यूजच्या जवळच तो जाड डायोड होता. पण तो विजेच्या वाटेत बसवलेला नव्हता! तो अधिक आणि वजा या दोन तारांच्या मधे आडवा होता, चंदेरी पट्टा अधिककडे. मला आधी वाटलं की बसवणाऱ्याचीच चूक झाली. असा डायोड काय कामाचा? मशीन नीट जोडली की तो उलटा होतो आणि काहीच नेत नाही. नुसता बसून राहतो.

तेच त्याचं काम. बॅटरी बरोबर जोडलेली असेपर्यंत तो उलट्या दाबात असतो आणि गप्प असतो. मी वायरी उलट जोडल्या, त्या क्षणी तो सरळ दाबात आला. बल्बसारखं काही मधे नव्हतं, त्यामुळे बॅटरीचा सगळा जोर त्याच्यातून धावला आणि फ्यूज उडाला. पुढच्या पाटीवर ट्रान्झिस्टर होते, एक आयसी होता. त्यांच्या पोटातही पी आणि एनच्या सीमाच असतात, त्यांनाही दिशा चालत नाही. पण फ्यूज उडेपर्यंत त्यांच्यावर उलटा दाब एक व्होल्टच्या जवळपासच राहिला, कारण बाकीचा भार या एका डायोडने घेतला होता. पाटी वाचली. फ्यूज उडायला जो क्षण लागला, तेवढ्यात डायोड मात्र आतून भाजला.

काकांनी मीटरची टोकं त्याला लावली. मीटर वाजला, आकडा शून्य. टोकं उलट लावली, तरी वाजला. तेव्हा माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच मिळालं, गुरुजींनी सांगायच्या आधी. भाजलेल्या डायोडात धुरा राहत नाही. तो साध्या तारेसारखा दोन्हीकडून वीज नेतो. म्हणून बाबांनी वायरी सरळ केल्या तरी अधिक आणि वजा यांच्यामधे जणू तारच आडवी पडली होती, आणि नवा फ्यूज उडाला. मशीन गेलेली नव्हती. मी हे बाबांना तिथेच सांगितलं. दुरुस्तीवाले काका म्हणाले, "पोरगी बरोबर बोलते." आणि पुढे म्हणाले, "फ्यूजच्या जागी तार टाकली नाही हे बरं केलं. वायरी पेटल्या असत्या." आबांचं नाव मी लगेच सांगितलं.

नवा डायोड बसवला, नवा फ्यूज घातला, बॅटरी लावली. टिक्‌ टिक्‌. सगळे मिळून साठ रुपये झाले.

मी काकांना विचारलं, की डायोड आडवा लावण्याऐवजी सरळ वाटेतच लावला असता तर? उलट जोडणीत वीज आत गेलीच नसती, काही जळलंही नसतं. ते म्हणाले, तसंही करतात. पण मग बॅटरीचा प्रत्येक थेंब त्या डायोडातून जाणार आणि बारा व्होल्टांतले पाऊणएक व्होल्ट रोज रात्री टोल म्हणून जाणार, तेवढी उष्णता होऊन वाया. आडवा डायोड रोज काही घेत नाही, फक्त चूक झाली त्या दिवशी खर्च होतो. मला हे वाटेतल्या डायोडपेक्षा आवडलं. पण चार तासं हरभरा गेला तेव्हा आवडलं नसतं, हेही खरं.

सोलर प्लेटच्या तारेत मात्र वाटेतलाच डायोड सापडतो. का, ते ऐका. बारा व्होल्टची बॅटरी भरणाऱ्या प्लेटवर बहुधा छत्तीस चौकोन असतात. प्रत्येक चौकोन हा सिलिकॉनचा पी-एनचा तुकडाच, म्हणजे एक मोठा चपटा डायोड. उजेड पडला की धुऱ्यात नवे इलेक्ट्रॉन आणि नव्या रिकाम्या जागा तयार होतात. धुऱ्यातले जागचे न हलणारे अणू त्यांना दोन बाजूंना लोटतात, आणि काम चालू असताना प्रत्येक चौकोनातून सुमारे अर्धा व्होल्ट मिळतो. दिवसा प्लेट बॅटरीला वीज देते. रात्री उजेड नसतो, पण बॅटरी जोडलेलीच असते, आणि तिच्या दाबाची दिशा त्या चौकोनांना सरळ पडते. मग थोडी थोडी वीज बॅटरीतून प्लेटकडे परत झिरपते. मधे डायोड ठेवला की प्लेटकडून येणारी वीज येते आणि परतीची वाट बंद होते. काही ठिकाणी हे काम चार्जिंगची पाटीच करते.

घरातला एलईडी बल्बही डायोडच आहे, नावातला शेवटचा डी डायोडचा. पण तो सिलिकॉनचा नसतो, गॅलियमची संयुगं वापरतात. सरळ जोडणीत इलेक्ट्रॉन रिकाम्या जागांत पडतात आणि पडताना उजेड देतात. लाल एलईडीला सुमारे दोन व्होल्ट लागतात, पांढऱ्याला सुमारे तीन. निक होलोनियाक यांनी १९६२ मध्ये डोळ्यांना दिसणारा लाल उजेड देणारा एलईडी केला. निळा नीट जमायला १९९० नंतरची वर्षं उजाडली, आणि त्या कामासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्यावर पिवळा उजेड देणारी भुकटी लावली की पांढरा उजेड होतो. कुणी प्रयोग करणार असेल तर लाल एलईडी, दोन सेल आणि शंभर ओहमचा रेझिस्टर घ्यावा, म्हणजे सुमारे दहा मिलिअँपिअर जातील. रेझिस्टर विसरू नये. वर सांगितलेला पूर आठवावा. उलट जोडला तर एलईडी लागणार नाही आणि दोन सेलांच्या दाबाने बिघडणारही नाही, कारण बहुतेक एलईडी उलटा दाब पाच व्होल्टपर्यंत सोसतात.

यावर एका मुलीने विचारलं, की घरचा एलईडी बल्ब होल्डरमधे कसाही फिरवून लावला तरी कसा लागतो? घरच्या लाईनमधे तर दिशा सेकंदाला शंभर वेळा बदलते, मग तो उलटा-सुलटा सारखाच. त्याच्या बुडात चार डायोडांची एक जोडणी असते. कोणत्याही क्षणी दोन डायोड सरळ दाबात असतात आणि दोन उलट. दिशा बदलली की दोघे थांबतात आणि दुसरे दोघे चालू होतात. बाहेरची वीज कशीही येवो, पुढे ती एकाच दिशेने जाते. मोबाइलच्या चार्जरमधेही हीच युक्ती आहे. हे उघडून पाहू नये, २३० व्होल्ट असतात. प्रयोग फक्त सेलांवर करावेत.

हे सर्व काही नवं नाही. कार्ल फर्डिनांड ब्राऊन या जर्मन शास्त्रज्ञाने १८७४ मध्येच पाहिलं होतं, की काही खनिजांच्या स्फटिकांतून एका दिशेने वीज जास्त जाते आणि दुसऱ्या दिशेने कमी. कारण त्या वेळी कुणाला सांगता येत नव्हतं. आपले जगदीशचंद्र बोस यांनी शिशाच्या खनिजाचा, म्हणजे गॅलिनाचा, बिनतारी लहरी ओळखायला उपयोग केला. त्याच्या पेटंटसाठी १९०१ मध्ये अर्ज झाला आणि १९०४ मध्ये अमेरिकेत ते मिळालं. पुढे १९४० मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत रसेल ओल यांच्या हाती सिलिकॉनचा एक तुकडा आला. त्यावर उजेड पडला की वीज तयार होई. पाहिलं तर तुकड्यात आपोआपच एक बाजू पी आणि एक बाजू एन झाली होती. सोलर प्लेट आणि डायोड हे एकाच घरचे, ते असे.

बाबांनी आता मशीनला एक लाल आणि एक काळी वायर लावली आहे. आधीची लाल वायर उंदराने कुरतडली तेव्हा घरात काळीच होती म्हणून तीच त्यांनी लावली होती, हे त्यांनी मला परवा सांगितलं. मी काही बोलले नाही. बॅटरी आता संध्याकाळी मीच जोडते.

वर चिकटवलेला डायोड कृपया कुणी काढून नेऊ नये. तो दोन्हीकडून वीज नेतो, त्यामुळे कशाच्याही कामाचा नाही. ज्यांना चांगला डायोड मीटरवर तपासून पाहायचा आहे, त्यांनी सातवीच्या वर्गात विचारावे. गुरुजींकडे आणखी आठ आहेत.